मराठी मजकूर झटपट एस्केप करणारी लायब्ररी: वेग, अचूकपणा आणि काना

चाटी_गल्ली
चादरी आणि टर्किश टॉवेलांची घाऊक यादी दाखवणारं संकेतस्थळ आहे. पायथॉन ३.१२, फ्लास्क (वेब फ्रेमवर्क), जिंजा२ (टेम्प्लेटमधून पान तयार करणारं इंजिन). सर्वांत मोठ्या पानावर २,००० ओळी आणि ८ रकाने. मालाची आणि कारखान्यांची नावं मराठी, तेलुगू, कन्नड आणि थोडीफार उर्दू. प्रोफाइलरमध्ये (कुठे किती वेळ जातो ते दाखवणारं साधन) एस्केपचं, म्हणजे मजकुरातली विशेष चिन्हं ब्राउझरला टॅग वाटू नयेत म्हणून बदलणारं, फंक्शन पहिल्या पाचात दिसतंय. एसआयएमडी (एकाच सूचनेत अनेक बाइटांवर काम) वापरून रस्टमध्ये किंवा सीमध्ये लिहिलेल्या लायब्रऱ्यांचे आकडे बघितले तर तिथे सेकंदाला गिगाबाइटची भाषा आहे. अशी एखादी जोडली तर पान खरंच हलकं होईल का? एक सर्व्हर इंटेलचा, दुसरा एआरएमचा. मजकूर मात्र एका अक्षरानेही बिघडता कामा नये.

भुईकोट
नवी लायब्ररी नंतर. आधी आहे तीच नीट बसलीय का बघा. जिंजा२ एस्केपसाठी मार्कअपसेफ वापरतं, आणि त्याचे दोन अवतार असतात: एक सीमधला, एक शुद्ध पायथॉनमधला. तयार व्हील (आधीच बांधलेलं पॅकेज) मिळालं नाही आणि मशीनवर सी कंपायलरही नसला, तर इन्स्टॉल अडत नाही. एक वॉर्निंग छापून पायथॉनचा अवतार बसतो. पिपच्या (पायथॉनची पॅकेजं बसवणारं साधन) नेहमीच्या आउटपुटमध्ये ती वॉर्निंग दिसतही नाही. पायथॉनची अगदी ताजी आवृत्ती, अल्पाइन लिनक्सवर मार्कअपसेफची जुनी आवृत्ती, किंवा इंटरनेट नसलेल्या सर्व्हरवर सोर्समधून केलेलं इन्स्टॉल, या तीन ठिकाणी हे हमखास होतं.

तपासायला अर्धा मिनिट लागतो. प्रत्यक्ष सर्व्हरवर, त्याच व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये पायथॉन उघडा आणि मार्कअपसेफमधलं 'अंडरस्कोअर स्पीडअप्स' हे मॉड्यूल इम्पोर्ट करा. एरर आली तर सीचा अवतार नाही. दोन्ही सर्व्हरवर वेगवेगळं बघा. इंटेलवर आहे म्हणून एआरएमवर असेलच असं नाही. पायपाय या पायथॉनच्या वेगळ्या इंटरप्रिटरवर सीचा अवतार बसतच नाही, तिथे तो शोधत बसू नका.

चाटी_गल्ली
बघितलं. इंटेलवर आहे, एआरएमच्या कंटेनरमध्ये नाही. बेस इमेज सडपातळ आहे, तिच्यात कंपायलर नाही.

भुईकोट
मग डॉकरफाइल (कंटेनर कसा बांधायचा ते सांगणारी फाइल) दोन टप्प्यांची करा. पहिल्या टप्प्यात जीसीसी हा सी कंपायलर आणि पायथॉनच्या हेडर फाइल्स टाकून व्हील बांधा, दुसऱ्यात फक्त ते व्हील बसवा. आणि बिल्डच्या शेवटी तेच मॉड्यूल इम्पोर्ट करणारी एक ओळ घाला, म्हणजे पुढच्या वेळी हे गुपचूप घडणार नाही, बिल्डच पडेल.

मालदांडी
आता वेळ नेमका कुठे जातो ते मोजू. २,००० ओळी गुणिले ८ रकाने म्हणजे १६,००० कॉल. एका कॉलला १०० नॅनोसेकंद धरले तर १.६ मिलिसेकंद, ३०० धरले तर ४.८. आणि प्रत्येक कॉलमधला मजकूर किती? पंधरावीस अक्षरं. एवढ्याशा मजकुरात विशेष चिन्हं शोधायला लागणारा वेळ नगण्य असतो. खर्च होतो तो फंक्शन बोलावण्यात, टाइप तपासण्यात आणि मार्कअपचा नवा ऑब्जेक्ट तयार करण्यात. मजकुरात एकही चिन्ह नसलं तरी तो ऑब्जेक्ट बनतोच, आणि मजकूर त्यात कॉपी होतो.

उलट बाजूने बघा. आख्खं पान ३०० किलोबाइटचं धरलं, तर सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाने ते स्कॅन व्हायला ३ मिलिसेकंद, आणि १ गिगाबाइट वेगाने ०.३. म्हणजे शोधण्याचा वेग दहापट केला तरी जास्तीत जास्त २.७ मिलिसेकंद हाताशी येतात. तेवढ्यासाठी नवी बायनरी पदरात घ्यावी का हा विचार आधी करा.

माझ्या मते तुमच्या पानावर कॉल कमी करण्यात जास्त लाभ आहे. रंग, वीण, कारखान्याचं नाव, गठ्ठ्यातले नग, अशा रकान्यांत २,००० ओळींमध्ये वेगळी मूल्यं मोजकीच असतात. ती डिक्शनरीत एकदाच एस्केप करून मार्कअप म्हणून ठेवा आणि टेम्प्लेटला तीच द्या. मार्कअप ऑब्जेक्ट स्वतःच 'मी आधीच सुरक्षित आहे' असं सांगतो, त्यामुळे जिंजा त्याला पुन्हा हात लावत नाही. फक्त हे डेटाबेसमध्ये साठवू नका. डेटाबेसमध्ये नेहमी मूळ मजकूर, एस्केप फक्त पानावर जाताना.

यंत्रमाग_६४
मालदांडी यांचं गणित बरोबर आहे. पण मराठीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती इंग्रजी मजकुरावर घेतलेल्या आकड्यांत कधीच दिसत नाही. जरा सविस्तर लिहितो.

एस्केप करायची चिन्हं पाच. त्यांचे क्रमांक: " ३४, & ३८, ' ३९, < ६० आणि > ६२. युनिकोडमध्ये देवनागरीचा गट २३०४ पासून सुरू होतो, आणि २३०४ म्हणजे बरोबर ९ गुणिले २५६. म्हणजे १६ बिटांत लिहिलेल्या देवनागरी अक्षराचा वरचा बाइट ९, आणि खालचा बाइट म्हणजे त्या अक्षराचं गटातलं स्थान. आता बघा, शून्यापासून मोजून: ढ ३४ व्या स्थानावर, द ३८ व्या, ध ३९ व्या, नुक्ता ६० व्या आणि काना ६२ व्या. पाचही चिन्हांना देवनागरीत एकेक जोडीदार आहे! त्यात काना मराठीत किती वेळा येतो ते वेगळं सांगायला नको. 'बाजारात' या एकाच शब्दात तीन.

याचे परिणाम दोन. पहिला अचूकपणाचा. एखाद्या लायब्ररीने १६ बिटी अक्षराचे खालचे ८ बिटच तपासले, तर तिला प्रत्येक काना म्हणजे > वाटणार आणि प्रत्येक द म्हणजे &. इंग्रजीवर शंभर टक्के पास होणारा कोड मराठीवर पान उद्ध्वस्त करतो. दुसरा वेगाचा. सीपायथॉनमध्ये (नेहमीचा पायथॉन) 'फाइंड' १६ बिटी मजकुरात चिन्ह शोधताना लांब मजकुरासाठी आधी खालचा बाइट मेमसीएचआर या सीच्या फंक्शनने शोधतं आणि मग पूर्ण अक्षर ताडून पाहतं. उत्तर चुकत नाही. पण > शोधताना ते प्रत्येक कान्यापाशी थांबतं. शुद्ध पायथॉनचा अवतार पाच वेळा रिप्लेस चालवतो, म्हणून चाटी_गल्ली यांच्या एआरएम सर्व्हरवर तोच मजकूर पाच वेळा वाचला जातो.

चाटी_गल्ली
तेलुगू आणि कन्नडचं काय? निम्मी नावं त्याच लिप्यांत आहेत.

यंत्रमाग_६४
या लिप्यांचे गट इस्कीच्या (भारतीय लिप्यांचा जुना मानक संकेत) मांडणीवरून घेतलेले, त्यामुळे काना सगळीकडे ६२ व्या स्थानावरच येतो. तेलुगूचा गट ३०७२ पासून, म्हणजे १२ गुणिले २५६, तिथे टक्कर देवनागरीसारखीच. कन्नडचा गट ३२०० पासून, म्हणजे बरोबर अर्ध्यावरून, त्यामुळे कन्नड कान्याचा खालचा बाइट १९० येतो आणि १६ बिटी टक्कर टळते.

यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षर १ ते ४ बाइटांत लिहिण्याची पद्धत) मात्र तिन्ही लिप्या एका रांगेत येतात. देवनागरी काना म्हणजे २२४, १६४, १९०. तेलुगू २२४, १७६, १९०. कन्नड २२४, १७८, १९०. शेवटचा बाइट तोच, आणि १९० म्हणजे १२८ अधिक ६२. यूटीएफ-८ मध्ये अनेक बाइटी अक्षराचा प्रत्येक बाइट १२८ किंवा वर असतो, म्हणून पूर्ण बाइट तपासणारा कोड कधीच चुकत नाही. चुकतो तो वरचा बिट झाकून ७ बिटांवर तुलना करणारा. आठ बाइट एका पूर्णांकात भरून बेरीज-वजाबाकीच्या युक्तीने शोधणाऱ्या कोडमध्ये ही चूक सहज शिरते.

कंबर_तलाव
एसआयएमडीवाले हे कसं सांभाळतात? निबलच्या (अर्धा बाइट, ४ बिट) तक्त्याबद्दल वाचलंय, पण नीट उलगडलं नाही.

यंत्रमाग_६४
पाच क्रमांकांना १६ ने भागून बाकी काढा: ३४ ची २, ३८ ची ६, ३९ ची ७, ६० ची १२, ६२ ची १४. पाचही वेगळ्या. म्हणून १६ घरांचा एकच तक्ता पुरतो. २ व्या घरात ३४, ६ व्या घरात ३८, असं भरायचं. मग १६ बाइट एका दमात घ्यायचे, प्रत्येकाच्या खालच्या ४ बिटांनी तक्त्यातून मूल्य उचलायचं आणि ते मूळ बाइटशी जुळतं का बघायचं. जुळलं तर विशेष चिन्ह. पाच तुलनांऐवजी एक शोध आणि एक तुलना.

घोळ तीन ठिकाणी होतो. शून्य क्रमांकाच्या घरात ० ठेवलं तर शून्य बाइट आला की तो जुळल्यासारखा दिसतो, म्हणून त्या घरात १ ठेवा. १ ची बाकी १, ती त्या घरात कधी येणारच नाही. इंटेलची तक्त्यातून मूल्य उचलणारी पीशफबी सूचना बाइटचा वरचा बिट १ असेल तर आपणहून ० देते, त्यामुळे मराठी बाइट आपोआप गळतात. एआरएमच्या निऑनमधली (तिथलं एसआयएमडी) तक्त्याची सूचना १५ च्या वरच्या कुठल्याही क्रमांकाला ० देते, म्हणून तिथे आधी १५ शी अँड करायलाच हवं, नाहीतर एकही चिन्ह सापडणार नाही. आणि तिसरं, शेवटचे सुटे बाइट. मजकुराच्या पलीकडे वाचलं आणि तिथे ४,०९६ बाइटांचं मेमरी पान संपत असलं, तर प्रोग्रॅम कोसळू शकतो. मजकूर १६ बाइटांहून मोठा असेल तर शेवटचे १६ बाइट मागे सरकून पुन्हा घ्यावेत, लहान असेल तर साध्या लूपने जावं.

आता पायथॉनपुरतं. पायथॉन ३.३ पासून मजकूर आतमध्ये १, २ किंवा ४ बाइट प्रति अक्षर असा ठेवला जातो. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं २ बाइटांत. मार्कअपसेफचा सी कोड या तिन्ही प्रकारांसाठी वेगळा चालतो. आधी मोजतो किती जागा वाढणार, वाढ शून्य असेल तर तोच मजकूर परत देतो, नाहीतर नेमकी तेवढी जागा घेऊन भरतो. यूटीएफ-८ वर चालणारी रस्टची लायब्ररी जोडली, तर मराठीसाठी आधी २ बाइटांवरून ३ बाइटांवर रूपांतर आणि उत्तर आल्यावर पुन्हा उलट. इंग्रजी मजकुराला हे रूपांतर लागतच नाही, कारण त्याचे आतले बाइट म्हणजेच यूटीएफ-८. तिथले आकडे बघून मराठीचा हिशेब करू नका. शिवाय रूपांतरित प्रत त्या ऑब्जेक्टलाच चिकटून राहू शकते, म्हणजे १,००० अक्षरांच्या वर्णनाला २,००० बाइट अधिक ३,०००.

कुणी सीमध्ये स्वतः २ बाइटी एसआयएमडी लिहिणार असेल, तर १६ बिटांचे ८ बिट करताना कापू नका, सॅच्युरेशनवाली पॅक सूचना वापरा. तिच्यात २५५ च्या वरचं सगळं २५५ होतं, काना > शी कधीच धडकत नाही. ३२,७६८ पासूनची अक्षरं मात्र तिच्यात ० होतात, तेव्हा शून्याच्या घरातला तो १ इथेही लागतो.

आणि वर्णनात एक जरी इमोजी आला तरी बहुतेक वेळा आख्खा मजकूर ४ बाइटी होतो. ५,००० अक्षरांना १०,००० ऐवजी २०,००० बाइट. लांब वर्णनातले इमोजी वेगळ्या फील्डमध्ये ठेवले तर हे टळतं.

मालदांडी
बन या जावास्क्रिप्ट रनटाइमच्या दस्तऐवजातही हेच सूचित केलंय. त्यांच्या एस्केप फंक्शनचा वेग ॲपलच्या एम१एक्स चिपवर सेकंदाला ४८० मेगाबाइट ते २० गिगाबाइट दिलाय, आणि तो किती मजकूर एस्केप होतोय आणि नॉन-आस्की अक्षरं आहेत का यावर ठरतो असं स्पष्ट लिहिलंय. चाळीसपट फरक आहे हो तो. वरचाच आकडा धरून कुणी निर्णय घेऊ नये.

कंबर_तलाव
पीएचपीवाल्यांसाठी एक महत्त्वाचं. यादीत वर्णनाचे पहिले १०० बाइट सबस्ट्रने कापून एचटीएमएल-स्पेशल-कॅर्सला दिले, की काही ओळी पूर्ण कोऱ्या येतात. कारण देवनागरीचं एक अक्षर ३ बाइटांचं. ३३ अक्षरांचे ९९ बाइट होतात आणि १०० वा बाइट अर्धवट लटकतो. पीएचपी ८.१ च्या आधी हे फंक्शन असा बिघडलेला मजकूर दिसला की रिकामी स्ट्रिंग परत द्यायचं, कुठलीही एरर न देता. ८.१ पासून डीफॉल्ट बदलला: अर्धवट बाइटच्या जागी बदली चिन्ह येतं, आणि ' सुद्धा एस्केप होतं, जे आधी होत नव्हतं.

उपाय म्हणजे एमबी-सबस्ट्र. पण तेही कोड पॉइंट (युनिकोडचे सुटे क्रमांक) मोजतं, त्यामुळे 'क्ष' मधोमध तुटू शकतो किंवा मात्रा गळू शकते. पीएचपीच्या इंटल एक्स्टेन्शनमधलं ग्राफीम-सबस्ट्र वापरलं की मात्रा गळत नाही, पण जुन्या आवृत्त्यांत 'क्ष' सारखं जोडाक्षर तरीही तुटू शकतं. आणि क्रम लक्षात ठेवा: आधी कापा, मग एस्केप करा. उलट केलं तर &#39; मधूनच तुटतं.

जुळे_सोलापूर
चादरीच्या मापांबद्दल कुणी बोललं नाही. ६०" × ९०" असं माप टायटल ॲट्रिब्यूटमध्ये गेलं आणि " एस्केप झालं नाही, तर ॲट्रिब्यूट ६० पाशीच संपतं आणि उरलेलं माप टॅगमध्ये सांडतं. पायथॉनचं जुनं सीजीआय-एस्केप डीफॉल्टमध्ये अवतरणं सोडून द्यायचं. ते ३.८ मध्ये काढून टाकलं, ते बरंच झालं. कुठलीही वेगवान लायब्ररी घेताना ती पाचही चिन्हं हाताळते की तीनच, हे पहिलं बघा. काही लायब्रऱ्या तीनच हाताळून वेगवान दिसतात.

लायब्ररी कितीही चांगली असली तरी काही जागी ही एस्केपिंग पुरत नाही. ॲट्रिब्यूटला अवतरणच नसेल तर नुसत्या एका स्पेसने नवं ॲट्रिब्यूट घुसवता येतं. दुव्यात वापरकर्त्याने दिलेला पत्ता टाकायचा तर तो एचटीटीपी किंवा एचटीटीपीएसनेच सुरू होतो का हे वेगळं तपासा. 'जावास्क्रिप्ट:' ने सुरू होणाऱ्या पत्त्यात या पाचातलं एकही चिन्ह नसलं तरी तो चालतो. स्क्रिप्ट टॅगच्या आत ही एस्केपिंग वापरूच नका, तिथे जिंजाचा 'टू-जेसन' फिल्टर आहे.

आणि फ्लास्कमध्ये ऑटोएस्केप फाइलच्या एक्स्टेन्शनवर ठरतं. एचटीएमएल, एचटीएम, एक्सएमएल, एक्सएचटीएमएल, आणि २.२ पासून एसव्हीजी. टेम्प्लेटच्या नावाच्या शेवटी 'जे२' लावायची सवय असेल तर त्या फाइलमध्ये काहीच एस्केप होत नाही. निव्वळ जिंजा२ वापरत असाल तर ऑटोएस्केप डीफॉल्टमध्ये बंदच असतं. पान वेगवान का वाटतंय याचं कारण कधीकधी एवढंच असतं.

भुईकोट
मार्कअपची एक चूक फार दिसते. मार्कअपच्या कंसात एफ-स्ट्रिंग टाकली, तर मजकूर आधी जोडला जातो आणि मग आख्ख्यावर 'सुरक्षित' असा शिक्का बसतो. आतलं नाव एस्केप होतच नाही. बरोबर पद्धत: मार्कअपमध्ये नुसता साचा द्यायचा आणि त्यावर फॉरमॅट बोलावायचं, म्हणजे आत येणारं प्रत्येक मूल्य एस्केप होतं.

रिप्लेसची साखळी स्वतः लिहायची वेळ आली तर & सर्वांत आधी. नंतर केलं तर आधीच्या बदलांतला & पुन्हा बदलतो. " साठी &#34; आणि ' साठी &#39; वापरलं तर दोन्ही पाचच बाइटांत बसतात. नावाची रूपं प्रत्येकी सहा बाइट घेतात, आणि ' चं नावाचं रूप एचटीएमएल४ मध्ये नव्हतंच.

जुन्या सिस्टिमवर सरळ 'अपग्रेड' करू नका. मार्कअपसेफ २.१.० मध्ये, २०२२ साली, सॉफ्ट-युनिकोड हे फंक्शन काढलं गेलं. जिंजा२ ची २.x मालिका ते इम्पोर्ट करते, त्यामुळे ॲप सुरूच होत नाही. जिंजा२ ३.० किंवा वर न्या. आजच्या आज चालवायचं असेल तर मार्कअपसेफ २.०.१ वर खिळवून ठेवा, पण तो तात्पुरता टेकू.

कंबर_तलाव
बरीच जुनी पानं मराठी अक्षरंसुद्धा आकड्यांत बदलून पाठवतात. ते बंद करा. 'सोलापूर' यूटीएफ-८ मध्ये ७ गुणिले ३, म्हणजे २१ बाइट. आकड्यांत प्रत्येक अक्षर &#2360; अशा ७ बाइटांचं, म्हणजे ४९. कॅरसेट यूटीएफ-८ जाहीर केला की त्याची गरजच नाही.

चाटी_गल्ली
एआरएमवर सीचा अवतार बसवला, चार रकान्यांच्या डिक्शनऱ्या केल्या. आता नव्या लायब्ररीची चाचणी घ्यायची तर कोणत्या मजकुरावर?

यंत्रमाग_६४
अचूकपणासाठी: 'बाजारात ढीगभर धान्य, दर बऱ्यापैकी'. यात काना, ढ, ध, द सगळे आहेत. हाच मजकूर एनएफडी (जोडलेली चिन्हं सुटी करणाऱ्या) रूपातही द्या, म्हणजे ऱ फुटून नुक्ता सुटा होईल. उत्तर अक्षरशः जसंच्या तसं परत यायला हवं. मग त्यात पाच चिन्हं एकेक करून सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रत्येक जागी घाला, म्हणजे १६ आणि ३२ च्या सीमा तपासल्या जातात. शून्य बाइट, रिकामी स्ट्रिंग, शेवटी इमोजी, हेही घ्या. पायथॉनच्या स्वतःच्या एचटीएमएल-एस्केपशी ताडताना लक्षात ठेवा, ते " आणि ' वेगळ्या रूपात लिहितं. म्हणून दोन्ही उत्तरं अनएस्केप करून तुलना करा.

वेगासाठी: २०, २०० आणि ५,००० अक्षरांचे मजकूर, प्रत्येक लिपीचा वेगळा, आणि विशेष चिन्हं शून्य, शंभरात एक, दहात एक. पायथॉनच्या टाइमइट मॉड्यूलने ७ वेळा चालवून सर्वांत कमी वेळ धरा, सरासरी नको. दोन्ही सर्व्हरवर वेगवेगळं.

चाटी_गल्ली
उर्दूचं काय? ती दोनच बाइटी आहे ना?

यंत्रमाग_६४
यूटीएफ-८ मध्ये दोन बाइटी, हो. पण तिचा गट १५३६ पासून, म्हणजे ६ गुणिले २५६. अलिफ ३९ व्या स्थानावर, म्हणजे ' शी टक्कर. मद्द असलेला अलिफ ३४ व्या, म्हणजे " शी. अलिफ उर्दूत आपल्या कान्याइतकाच सर्रास येतो, तेव्हा चाचणीत एक उर्दू ओळ घालाच.